सकाळी लंगडणारं लेकरू दुपारी कसं पळतं?



संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आजी येते. गुडघ्यावर हात टेकून उठणारी, थंडीत शेकत बसणारी. त्यामुळं पहिलीतल्या किंवा चौथीतल्या लेकराला संधिवात आहे असं कुणी सांगितलं तर ऐकणाऱ्याला ते खरंच वाटत नाही. "एवढ्याशा लेकराला कुठं वात असतो का?" हा प्रश्न मी पालकांकडून ऐकलाय, औषधाच्या दुकानात ऐकलाय आणि शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकलाय.

असतो. आणि हा काही नवा आजारही नाही. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ साली मुलांच्या या सांधेविकारावर लेख लिहिला आणि तो मोठ्या माणसांच्या संधिवातापेक्षा वेगळा आहे हे दाखवून दिलं. आज डॉक्टर त्याला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. आपण बाल-संधिवात म्हणू. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली, दुसरं कुठलंच कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे हा आजार. शरीराची जी संरक्षणाची फौज जंतूंशी लढायची, ती चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. असं का होतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण दही खाल्ल्यानं, थंड पाण्यात खेळल्यानं किंवा आईनं बाळंतपणात पथ्य न पाळल्यानं तो होत नाही, एवढं नक्की. शेजारी बसलेल्या मुलालाही तो लागत नाही.

किती मुलांना होतो? जगभरच्या पाहण्यांत लाख मुलांमागं १६ पासून १५० पर्यंत असे आकडे येतात. आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ११ लाख ७७ हजार होती. त्यात सोळा वर्षांखालची मुलं साडेतीन-चार लाख धरली, तर या हिशेबानं जिल्ह्यात अशी कमीत कमी पन्नास-साठ आणि जास्तीत जास्त पाच-सहाशे लेकरं असायला हवीत. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, मोजणी नाही. मोजणी करण्याची आपल्याकडं तशी सवयही नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. ग्रामीण भागात झालेलं ते फार मोलाचं काम, जगभर त्याचा दाखला देतात. पण तीही प्रौढांचीच पाहणी होती.

मग ही लेकरं आहेत कुठं? मला वाटतं, ती आपल्याच वर्गांत बसलेली आहेत. फक्त त्यांची नावं वेगळी पडलीत. कुणी आळशी आहे, कुणी कामचुकार, कुणाचं 'कॅल्शियम कमी' आहे, कुणाची 'हाडं वाढायलीत'. आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नाव म्हणजे नाटकी.

हे नाव का पडतं ते नीट समजून घेऊ, कारण माझ्या मते सगळा घोळ इथंच आहे. या आजारात सांधा विश्रांतीनं आखडतो आणि हालचालीनं मोकळा होतो. रात्रभर झोपल्यावर सकाळी तो सगळ्यात जास्त आखडलेला असतो. बिजागरीला गंज चढल्यासारखं होतं म्हणा ना. अंथरुणातून उठायला वेळ, संडासला उकिडवं बसायला त्रास, शर्टाचं बटण लागत नाही, चपलेत पाय जात नाही. काहींचं अर्ध्या तासात सुटतं, काहींना दोन-दोन तास लागतात. मग अंग मोकळं होतं आणि तेच लेकरू दुपारच्या सुट्टीत लपंडाव खेळतं. परिपाठाला लंगडत आलेली मुलगी खिचडीच्या रांगेत पळत जाते. बघणाऱ्यानं काय समजायचं? कळमनुरीजवळच्या एका शाळेतल्या पालक सभेत एक आई हेच सांगत होत्या, "सर, सकाळी रडून रडून घर डोक्यावर घेती अन् दुपारून बघा, माकडावाणी उड्या मारायलीय." त्यांना ही तक्रार वाटत होती. वैद्यकीय पुस्तकातलं अगदी नेमकं लक्षणच त्या सांगत होत्या.

त्यातही सूज रोज सारखी नसते. पंधरा दिवस बरं, मग आठ दिवस वाईट. पावसाळी ढगाळ दिवसात काही मुलं जास्त कुरकुरतात. त्यात परीक्षेचा आठवडा नेमका वाईट निघाला की झालंच, नाटकावर शिक्कामोर्तब.

पालकांना पटकन उपयोगी पडेल असा एक फरक सांगतो. वाढत्या वयात पाय दुखणं खूप मुलांमध्ये असतं आणि ते निरुपद्रवी असतं. ते संध्याकाळी किंवा रात्री दुखतं, बहुधा दोन्ही पायांना, मांडीत नाहीतर पोटरीत. आईनं चोळून दिलं की लेकरू झोपतं आणि सकाळी टणाटण उठतं. सांध्याला सूज नसते. बाल-संधिवाताचं घड्याळ याच्या उलट चालतं. रात्री बरं, सकाळी वाईट, आणि दुखणं नेमकं सांध्यात. गुडघ्याची वाटी भरल्यासारखी दिसते, घोटा गुबगुबीत दिसतो, बोटाचं मधलं पेर जाड होतं. म्हणून लेकराचं काही दुखत असेल तर "कुठं दुखतंय?" याच्या जोडीनं "कधी दुखतंय?" हेही विचारा. लहान लेकरं तर 'दुखतंय' असं सांगतही नाहीत, ती ते काम करणंच सोडून देतात. चालणारं मूल कडेवर घे म्हणायला लागतं, पायऱ्या एक एक करून उतरतं, पेन्सिल मुठीत धरायला लागतं, सतरंजीवरून उठताना आधी हात टेकतं. यातलं बरंचसं घरापेक्षा शाळेत जास्त दिसतं.

आता आपल्या शाळेचा दिवस या लेकराच्या बाजूनं बघा. राज्य सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. कारण मुलांच्या झोपेचं होतं, पण त्याचा फायदा या लेकरांनाही आहे. मात्र मराठवाड्यातला उन्हाळा आला की शाळा सकाळच्या होतात आणि उन्हापुढं इलाजही नसतो. म्हणजे ज्या वेळी या मुलाचे सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात, त्याच वेळी त्याला दप्तर घेऊन शाळेच्या दारात उभं राहायचं आहे. वर प्रार्थनेला उभं राहणं, मग जमिनीवर मांडी. मांडी घालून दोन तासिका सलग बसवलं की सांधा पुन्हा आखडतो, ही गोष्ट तर आपल्या लक्षातही येत नाही. उपाय काय, तर अशा मुलाला खुर्ची द्या आणि दर अर्ध्या तासानं काहीतरी कामाला उठवा. फळा पुसायला सांगा, खडू आणायला पाठवा, शेजारच्या वर्गातून हजेरीपट आणायला सांगा. वर्गाला वाटेल सरांचा लाडका आहे. वाटू द्या.

शाळेचं आणखी बोलायचंय, पण आधी उपचाराकडं येतो, कारण आपल्या भागात खरं नुकसान तिथं होतं.

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि हिंगोलीच्या हळद बाजारात दूरदूरचा माल येतो. अशा जिल्ह्यात राहून हळदीबद्दल उणं बोलणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. तरी बोलतो. हळदीचं दूध द्या, लेप लावा, त्यानं लेकराचं वाईट होणार नाही. पण हळदीचा लेप लावत सहा महिने काढले तर त्या सहा महिन्यांत आतला सांधा झिजत राहतो, आणि एकदा झिजलेली कूर्चा कोणत्याच औषधानं परत येत नाही. बिब्ब्याचं मात्र तसंही नाही. बिब्बा लावला की कातडी भाजते, फोड येतात, कधी जखम चिघळते आणि सांधा होता तसाच राहतो. लेकराच्या गुडघ्याला बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. इथं 'तुमची श्रद्धा' वगैरे म्हणून मी गप्प बसणार नाही.

दुसरी गोष्ट पथ्याची. भात बंद, दही बंद, केळी बंद, वातूळ म्हणून हरभरा-वाटाणा बंद. मग लेकरानं खायचं तरी काय? कुठलाही पदार्थ बंद करून हा आजार जात नाही. उलट सूज असलेल्या मुलाची भूक आधीच मेलेली असते, त्याला दूध, डाळी, अंडी जास्तच लागतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. 'हमखास गुण' देणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या. यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लेकरू उड्या मारायला लागतं, गावभर नाव होतं. मग चेहरा गोल होतो, उंची वाढायची थांबते, आणि पुडी बंद केली की सूज दुपटीनं येते. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य डॉक्टर ते मोजून, ठराविक दिवस देतात, कधी थेट सांध्यात इंजेक्शननं देतात आणि त्याचा फार चांगला उपयोग होतो. पण डॉक्टर काय देतोय हे त्याला माहीत असतं. पुडीत काय आहे हे पुडी देणाऱ्यालाही धड माहीत नसतं.

डॉक्टरांकडं गेल्यावरही रस्ता सरळ नसतो. सांधा सुजला की आपल्याकडं पहिल्यांदा 'ऱ्हुमॅटिक फीवर' आठवतो, म्हणजे घसा दुखून गेल्यावर येणारा आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा ताप. तोही खरा आजार आहे आणि त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. पण त्यात सांधेदुखी या सांध्यातून त्या सांध्यात फिरते आणि काही आठवड्यांत ओसरते. एकच गुडघा तीन महिने सुजलेला असेल आणि केवळ रक्तातल्या एका आकड्यावरून इंजेक्शनं चालू असतील, तर पालकांनी नम्रपणे विचारायला हवं, "डॉक्टरसाहेब, हा दुसरा काही प्रकार तर नसेल?" क्षयरोगानंही एकच सांधा सुजू शकतो. क्वचित रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही हाडांच्या दुखण्यानं होते. म्हणून तपासण्या झाल्याशिवाय मनानं औषध नको. आणि सांधा लाल, गरम, लेकराला हात लावू देत नाही एवढा ठणकतोय, सोबत ताप आहे, असं असेल तर सोमवारची वाट बघू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना.

निदान झालं की बहुतेक मुलांना आधी सूज आणि दुखणं कमी करणारी औषधं देतात. तेवढ्यानं भागलं नाही किंवा जास्त सांधे धरले असतील तर मेथोट्रेक्सेट. या औषधाचं नाव मोबाइलवर शोधलं की 'कॅन्सरचं औषध' असं येतं आणि घरात रडारड सुरू होते. ते कर्करोगात वापरतात हे खरं, पण तिथला डोस कितीतरी मोठा असतो. इथं अगदी कमी डोस, तोही आठवड्यातून एकदा. पुन्हा सांगतो, आठवड्यातून एकदा. रोज नाही. चुकून रोज दिलं गेलं तर ते विषासारखं काम करतं, जीवावर बेतू शकतं. म्हणून एक वार पक्का करा आणि कॅलेंडरवर गोल करून ठेवा. मळमळ कमी व्हावी म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी देतात आणि मधूनमधून रक्त तपासतात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि नेमका हाच काळ पालकांच्या धीराचा असतो. 'दीड महिना झाला, काही फरक नाही' म्हणून औषध सोडलेली घरं मी बघितली आहेत. शनिवारी डोस असेल तर रविवार मळमळीत जातो आणि शाळा बुडत नाही. हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

मेथोट्रेक्सेटनंही सूज आवरली नाही तर आता बायोलॉजिक नावाची इंजेक्शनं आहेत. यातलं पहिलं, इटॅनरसेप्ट, अमेरिकेत १९९९ मध्ये या मुलांसाठी मंजूर झालं आणि तिथून चित्र बदललं. ज्या मुलांच्या नशिबी पूर्वी चाकाची खुर्ची होती, ती आज धावतात. किंमत मात्र हजारांत जाते. शिवाय सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. कोणत्या योजनेतून काय मिळतं हे मोठ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, लाजू नका.

डोळ्यांचं मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावं. या आजाराच्या काही प्रकारांत, विशेषतः एक-दोन सांधे सुजलेल्या लहान मुलींमध्ये, डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, लेकरू तक्रार करत नाही, आणि नजर कायमची जाऊ शकते. शाळेतला अक्षरांचा तक्ता वाचून हे कळत नाही. नेत्रतज्ज्ञाकडं स्लिट लॅम्पवर, सांगितलेल्या अंतरानं, बहुधा दर तीन-चार महिन्यांनी तपासावं लागतं. गुडघा बरा झाला म्हणून ही तपासणी सोडायची नसते.

हे सगळं कळमनुरीत राहून करायचं म्हणजे काय, ते पालकांनाच विचारा. बाल-संधिवाताचे खास डॉक्टर मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत. मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात अशा मुलांवर उपचार होतात. पण तिथं जायचं तर नांदेडला जाऊन तपोवन नाहीतर देवगिरी पकडायची. रोजगार बुडतो, घरी दुसरी लेकरं असतात, सोयाबीन काढायला आलेलं असतं. जवळ नांदेडच्या विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ मध्ये हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. माझी अपेक्षा अशी की निदान मोठ्या ठिकाणी एकदा पक्कं व्हावं आणि पुढची रक्त तपासणी, डोळे, व्यायाम हे जिल्ह्यातच व्हावं. ही काही चंद्र मागण्यासारखी गोष्ट नाही.

आणि शाळा तपासणीचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ती गाडी आपण सगळ्यांनी बघितली आहे. त्यांच्या तपासणीच्या मूळ यादीत तीसेक आजार आहेत. त्यात ऱ्हुमॅटिक फीवरनं होणारा हृदयविकार आहे, मुडदूस आहे, वाकडे पाय आहेत, दातांची कीड आहे. बाल-संधिवात नाही. पथकातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना एका दिवसात शेकडो मुलं बघायची असतात. पण यादीत 'सकाळी सांधे आखडतात का?' हा एक प्रश्न घालायला काय खर्च येतो? तो येईल तेव्हा येईल. तोवर पथक आलं की वर्गशिक्षकानं स्वतः त्या लेकराचा हात धरून डॉक्टरांपुढं न्यावं. शाळेत लसीकरण असेल तेव्हाही, हे लेकरू कोणतं औषध घेतंय ते आधी सांगावं, कारण या औषधांवर असताना काही लसी डॉक्टरांना विचारूनच द्यायच्या असतात. आश्रमशाळांचे अधीक्षक आणि गृहमाता यांनाही माझी विनंती आहे. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, भोवती आश्रमशाळा आहेत. तिथल्या लेकराची सकाळ आईबाप बघत नाहीत. ती तुम्हीच बघता.

खेळाच्या तासाबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. अशा मुलाला वर्षभर झाडाखाली बसवून ठेवणं ही दया नाही. न वापरलेला स्नायू वाळतो आणि सांध्याचा आधार जातो. सूज भरात असेल त्या दिवसांत कबड्डी, लांब उडी नको. एरवी सायकल चालवू द्या, सोबत कुणी जाणतं असेल तर विहिरीत पोहू द्या, पळू द्या. थांबायचं कधी ते त्यालाच ठरवू द्या. त्याला स्कोअर लिहायला बसवून आपण सुटतो, तो सुटत नाही.

लिखाणाचंही तसंच. मनगट नाहीतर बोटं धरली असतील तर जाड पेन द्या, गृहपाठ निम्मा करा, तोंडी उत्तर घ्या. दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिकाची सोय असते, पण त्याला प्रमाणपत्र लागतं. आणि कायद्यातली चाळीस टक्क्यांची मोजपट्टी कमी-जास्त होणाऱ्या आजाराला नीट बसत नाही. चांगल्या महिन्यात तपासलं तर टक्के भरत नाहीत. म्हणून कागदपत्रांची सुरुवात नववीतच करा. वर्गातल्या सवलतीला मात्र कुठलाच कागद लागत नाही.

मुलींच्या बाबतीत एक अडचण कुणी मोठ्यानं बोलत नाही. "पोरीला वात आहे म्हणून गावात कळलं तर उद्या सोयरीक कशी जमायची?" या भीतीनं निदान लपवलं जातं, शाळेला सांगितलं जात नाही, दूरच्या दवाखान्यात 'मावशीकडं' म्हणून नेलं जातं. मला या आईबापांचा राग येत नाही. गाव कसं बोलतं ते त्यांना माहीत आहे. पण हिशेब तरी नीट मांडावा. वेळेवर औषध घेतलेल्या कितीतरी मुली विशीत येईपर्यंत बिनऔषधाच्या होतात, काहींना पुढंही औषध लागतं, आणि त्या शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. लपवून वाकडं झालेलं बोट मात्र कुठल्याच पदराखाली झाकत नाही. शाळेनंही आपली बाजू सांभाळावी. पालकानं विश्वासानं सांगितलेलं स्टाफरूमच्या चहाबरोबर वाटू नये.

राहिली ती चिठ्ठीची गोष्ट. डॉक्टर लेकराला बघतात ते दुपारी बारा-एकला, प्रवास करून, रांगेत थांबून, सांधे मोकळे झाल्यावर. सकाळ त्यांना दिसत नाही. म्हणून पालकांनी लेकरू अंथरुणातून उठतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्यावा. आणि वर्गशिक्षकानं वहीच्या एका पानावर पंधरा दिवसांची नोंद लिहून द्यावी: किती वाजता आला, कोणता पाय ओढत होता, कितव्या तासाला नीट चालायला लागला, मधल्या सुट्टीत काय खेळला, कोणत्या दिवशी आलाच नाही. निदान करू नका, सल्ला लिहू नका. फक्त जे दिसलं ते तारखेसह, आणि खाली सही.